मुरुडशेंगेचा बंदोबस्त

विश्वनाथराव टिपणिसांच्या घरी आजवर कधी चोरी झाली नाही आणि त्यात नवल काहीच नाही, कारण चोराला आत शिरायचं तर आधी विश्वनाथरावांची परवानगी काढावी लागली असती. दिल्लीत मयूर विहारमधल्या एका जुन्या सोसायटीत त्यांचं तळमजल्यावरचं घर. खिडक्यांना गज, गजांना जाळी, जाळीच्या मागे डासांची आणखी बारीक जाळी. कूलरला जाळी, पाण्याच्या टाकीला जाळी, आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला असला तरी त्यावर एक गाळणी उपडी घातलेली. सगळी नोकरी त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात इमारतींना कठडे आणि कुंपणं घालण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर सरकारच्या इमारती सुटल्या आणि घरच्यांची पाळी आली.

"यांच्या हातात असतं तर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही हेल्मेट घातलं असतं," असं त्यांची बायको इंदुमती म्हणायची. म्हणायची आणि हसायची. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला एक पक्कं कळलं होतं, की हा माणूस भित्रा नाही, मायाळू आहे. फक्त याची माया हातोडी आणि खिळे घेऊन येते.

या मायेच्या माऱ्यात सगळ्यात जास्त सापडली ती त्यांची एकुलती एक मुलगी सुखदा. ती शाळेत असताना स्कूलबसच्या मागून यांची स्कूटर जायची. कॉलेजात गेली तेव्हा स्कूटर म्हातारी झाली होती म्हणून वाचली. पुढे केतनशी लग्न करून ती गुरुग्रामला राहायला गेली, मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागली, कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागली, आणि स्कूटरची जागा फोननं घेतली. बस मिळाली का, पोचलीस का, जेवलीस का, निघालीस का. सुखदाच्या टेबलाशेजारच्या लोकांनी म्हणे घड्याळ बघणंच सोडलं होतं. तिच्या बाबांचा फोन आला की जेवणाची सुट्टी झाली असं समजायचं.

सुखदाच्या खालोखाल त्यांचा जीव कशात असेल तर घरामागच्या मुरुडशेंगेत.

ही मुरुडशेंग म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बाळगुटी उगाळली जाते त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दोरखंडाला पीळ द्यावा तशी पिळलेली, बोटाएवढी, काळपट शेंग. तान्ह्या मुलाच्या पोटात मुरडा येऊ नये म्हणून वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा यांच्या जोडीनं तीही सहाणेवर दुधात उगाळायची, आणि तीसुद्धा वेढ्यांच्या हिशेबानं. लहान बाळाला एक वेढा, म्हणजे सहाणेवर एकदाच गोल फिरवायची. विश्वनाथरावांची आई लग्न होऊन ठाण्याहून दिल्लीला करोलबागेत आली तेव्हा तिनं सहाण आणि गुटीची थैली बरोबर आणली होती. त्या थैलीतल्या शेंगेवर विश्वनाथराव वाढले, त्यांची भावंडं वाढली, सुखदा वाढली. उगाळून उगाळून शेवटी तिचं घेवड्याच्या दाण्याएवढं बुटुक उरलं. ते चिमटीत धरून उगाळायचं म्हणजे बोटाची साल निघायची.

सुखदाचं लग्न ठरलं तेव्हा विश्वनाथराव खारी बावलीच्या बाजारातून नव्या शेंगा घेऊन आले. मुलीचं लग्न आणि गुटीची तयारी एकदमच, यावर इंदुमतीनं त्यांना पुष्कळ चिडवलं. "अहो, आधी अक्षता तरी पडू द्या." पण त्या शेंगा झटकताना ताटात बारीक काळ्या बिया पडल्या, आणि आयुष्यात कधी तुळशीपलीकडे काही न लावलेल्या या माणसाच्या डोक्यात किडा शिरला. बी कडक होतं. त्यांनी ते गरम पाण्यात भिजवलं, सहाणेवर घासलं, कुंड्यांत पेरलं. कितीतरी बियांतून एकच रोप वर आलं. नर्सरीवाल्यांना विचारलं तर एकानंही हे झुडूप कधी विकलेलं नव्हतं. "मरोड़फली? वो तो जंगल की चीज़ है अंकलजी, दिल्ली में कौन लगाता है," असं म्हणून त्यांनी बोगनवेल पुढे केली.

घराच्या मागे, खोल्यांची भिंत आणि सोसायटीची कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मातीचा एक लांबट पट्टा होता. त्यावर जुन्या जांभळाची दाट सावली. तिथे गवतसुद्धा नाखुशीनं उगवायचं. रोप तिथे लावलं, आणि रानात मोठ्या झाडांखाली वाढण्याची सवय असलेल्या त्या झुडपाला ती सावली मानवली. फालशासारखी खरबरीत पानं फुटली. बघता बघता ते माणसाच्या उंचीचं झालं.

मग अर्थातच बंदोबस्त सुरू झाला. कारण मागच्या बाजूला माकडं येत. वरच्या मजल्यांवरून कबुतरं येत, मुलांचे चेंडू येत, वाळत घातलेले कपडे येत. पानिपत इथून गाडीनं दोन तासांवर, पण टिपणिसांच्या घरात ते अधूनमधून मागच्या अंगणातच व्हायचं. विश्वनाथरावांनी आधी बांबू लावले. माकडांनी ते मोडल्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा केला, आणि त्यावर कबुतरांची नायलॉनची जाळी वरून, चहूबाजूंनी, थेट मातीपर्यंत ताणून बांधली. आत शिरायला एक दार ठेवलं आणि दाराला कुलूप. किल्ली त्यांच्या जानव्याला. "एवढा बंदोबस्त आमच्या तिजोरीलाही नाही," इंदुमती म्हणाली. "तिजोरीत आहे काय?" विश्वनाथराव म्हणाले, आणि ते खरंच होतं.

झुडूप फुललंही. पावसाळ्यात फांद्यांच्या बेचक्यांतून विटकरी लाल, चोचीसारखी वाकलेली फुलं आली. विश्वनाथरावांनी सगळ्या सोसायटीला बोलावून ती जाळीबाहेरून दाखवली. फुलं आली, वाळली, गळली. शेंग एक नाही. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. त्यांनी मोहरीची पेंड घातली, शेणखत घातलं, हाडांचा चुरा आणताना देवळातले भटजी बघणार नाहीत अशी वाट धरली. जांभळाच्या दोन फांद्याही उतरवल्या. येणारा-जाणारा सांगायचा, सावली फार आहे, ऊन नाही, कुठून धरणार शेंगा. विश्वनाथरावांनाही ते पटत चाललं होतं. मात्र त्या फुलांवर घिरट्या घालणाऱ्या एका निळ्या-काळ्या चिमुरड्या पाखराला ते नेमानं टाळ्या वाजवून हाकलत. ते पाखरू म्हणजे शिंजीर. इथले लोक त्याला शक्करखोरा म्हणतात. जाळीला लटकून ते आत चोच घालायचं आणि फुलं ओरबाडायचं, असा विश्वनाथरावांचा त्याच्यावर वहीम होता.

गुढीपाडव्याला सुखदानं फोन करून गोड बातमी दिली. दसऱ्याच्या पुढेमागे बाळ येणार होतं. विश्वनाथराव फोन ठेवून मागच्या अंगणात जाऊन आले आणि इंदुमतीला म्हणाले, "गुटी आपल्या शेंगेची. खारी बावलीची नाही. तिनं इथे माहेरी, आपल्या सहाणेवर उगाळायची."

"शेंग कुठे आहे?"

"यंदा धरेल."

त्या दिवसापासून ती शेंग म्हणजे त्यांच्या मनातलं सगळं काही होऊन बसली. आणि बंदोबस्ताचा दुसरा मोर्चा सुखदाकडे वळला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून खोलीला रंग दिला. न्हाणीघरात न घसरणाऱ्या चटया घातल्या. पलंगाला कठडा लावला. बाळासाठी नव्हे, तिच्यासाठी. जवळच्या हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांच्या वेळा विचारून आले. सातव्या महिन्यात रजा टाकून तिनं इकडे यावं, असं सगळं ठरलं. फक्त सुखदाला विचारायचं राहिलं.

"बाबा, माझी डॉक्टर इथे आहे, केतन इथे आहे, ऑफिस इथे आहे," सुखदा म्हणाली. "मी शेवटपर्यंत काम करणार आहे. मी प्रेग्नंट आहे, बीमार नाहीये."

"पण त्या बसचे धक्के..."

"काही होत नाही बसनं. डॉक्टर बिल्कुल ओके म्हणाली."

इथवर ठीक होतं. पण ऑगस्टमध्ये विश्वनाथरावांच्या हातून एक गोष्ट घडली. त्यांनी कुठून तरी कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवला आणि त्याला फोन करून सांगितलं, की आमची मुलगी दोन जिवांची आहे, खड्डे चुकवून चालवा, ब्रेक हळू मारा. ड्रायव्हर भला माणूस होता. दुसऱ्या दिवशी त्यानं बस बैलगाडीच्या वेगानं चालवली, सगळी बस उशिरा पोचली, आणि उशीर का झाला असं विचारल्यावर त्यानं सगळ्यांसमोर खरं ते सांगून टाकलं.

संध्याकाळी सुखदाचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, आज पूर्ण बस माझ्याकडे बघून हसत होती. माझ्या टीममधली मुलं होती त्यात. आता प्लीज तुम्ही मला फोन करू नका. मला वाटेल तेव्हा मी करीन."

आणि तिला वाटलं नाही. आईला फोन यायचा, त्यात "बाबा कसे आहेत" असायचं, पण "बाबांना दे" नसायचं. विश्वनाथराव फोन उचलायचे, बघायचे, ठेवायचे. जेवण कमी झालं. इंदुमतीला दया यायची आणि रागही यायचा. "चुकलात तुम्ही," तिनं एकदाच सांगितलं आणि मग त्यांच्या आवडीचं बिरडं केलं, कारण सांगून झालं होतं.

सप्टेंबरात एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या सलोनीनं बाल्कनीतून हाक मारली. "अंकलजी, सॉरी, तौलिया गिर गया। पीछे की तरफ़।"

टॉवेल कुंपणाची भिंत आणि झुडपाची जाळी यांच्यामधल्या सापटीत पडला होता. तिकडे कधी कुणी जातच नसे. विश्वनाथराव अंग चोरून, पोट आत ओढून त्या सापटीत शिरले. टॉवेल उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

जाळीची गाठ तिथे पाइपावरून सुटली होती. त्या फटीतून झुडपाची एक फांदी बाहेर आली होती, भिंतीला टेकून वर वळली होती. तिच्यावर ना जाळी, ना पहारा, ना कुणाची नजर. आणि तिच्यावर कोवळ्या, हिरव्या, लवदार, पीळ घातलेल्या शेंगा लटकत होत्या.

त्यांनी जाळीच्या आत पाहिलं. आतल्या फांद्यांवर फुलंच फुलं. शेंग एक नाही. माती तीच, पाणी तेच, सावली तीच. फरक फक्त जाळीचा होता. ते तिथेच, सापटीत, टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते तेवढ्यात शिंजीर आलं. आधी त्या बाहेरच्या फांदीवरच्या एकुलत्या फुलात चोच घालून आलं, कपाळाला पिवळी धूळ लागली होती ती घेऊन जाळीला लटकलं, आतल्या फुलाकडे चोच लांब केली. पोचेना. पुन्हा केली. पोचेना. मग उडून गेलं. विश्वनाथरावांचे टाळी वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले.

बांधकाम खात्यात आयुष्य गेलं तरी फुलाचं फळ कसं होतं हे त्यांनी शाळेत वाचलेलं होतं. वाचलेलं सगळ्यांनीच असतं.

इंदुमती मागच्या दारात आली तेव्हा ते पायरीवर बसले होते आणि सलोनीच्या टॉवेलनं डोळे पुसत होते.

"काय झालं? पडलात?"

"इंदू, तीन वर्षं मी त्या पाखराला हाकलत होतो."

तिनं सापटीत डोकावून पाहिलं. शेंगा पाहिल्या. जाळी पाहिली. मग ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली आणि त्यांच्या हातातून टॉवेल काढून घेतला. "परक्याचा आहे तो. आता पुन्हा धुवावा लागेल."

थोड्या वेळानं विश्वनाथराव म्हणाले, "सुखीला सांग, तिथेच होऊ दे बाळंतपण. तिच्या डॉक्टरकडे. बोलावलं तर आपण जाऊ."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर नाही जायचं."

त्याच संध्याकाळी त्यांनी जाळी काढली. जिवावर आलं होतं, पण एकेक गाठ सोडवून, घडी करून माळ्यावर टाकली. कुलूपही काढलं. कडेलोटाचा हुकूम आपणच आपल्यावर बजावल्यासारखा चेहरा करून ते रात्री जेवले. फुलांचा हंगाम सरत आला होता, तरी शिंजिरांनी उरलेल्या दिवसांत सगळी कसर भरून काढली. आतल्या फांद्यांवरही टाचणीच्या डोक्याएवढे पीळ दिसू लागले.

मग माकडं आली. यायचीच होती. भिंतीवरून उतरली, आणि ज्या फांदीनं सगळा उलगडा केला होता तीच फांदी धरून लोंबकळली. फांदी मुळापासून मोडली. पहिल्या शेंगा कोवळ्याच चिखलात गेल्या. आणखीही दोन-तीन फांद्या तुटल्या. विश्वनाथराव काठी घेऊन धावेपर्यंत पानिपत होऊन गेलं होतं.

ते सरळ शिडी घेऊन माळ्याकडे गेले. जाळीची घडी ओढून काढली. खांद्यावर घेतली. मागच्या दारापर्यंत आले. झुडूप अर्धं उघडं-बोडकं झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात खोडाजवळ, पानांच्या आड, तळाच्या फांदीवर दोन पीळ शाबूत होते. आणि शिंजीर परत आलं होतं. माकडं गेल्याला अजून पाणी प्यायच्याइतकाही वेळ झाला नव्हता, आणि हे बेटं शेवटच्या फुलापाशी आपलं काम करत होतं. विश्वनाथरावांनी जाळी खाली ठेवली. मग इंदुमतीला म्हणाले, "ही रद्दीवाल्याला देऊन टाक. घरात राहिली तर मी घालीन."

दसऱ्याच्या आधीच सुखदाला गुरुग्रामला मुलगी झाली. विश्वनाथरावांना बोलावणं आलं, आणि ते सुखदाकडूनच आलं. "बाबा, या ना. आणि घरातली उशी आणा, इथल्या दगड आहेत," एवढंच ती म्हणाली. विश्वनाथराव हॉस्पिटलात गेले, नातीला पाहिलं, खिडक्यांना गज नाहीत हेही पाहिलं आणि गप्प बसले. गुटीची गोष्ट त्यांनी भीतभीत काढली.

"डॉक्टर म्हणते, सहा महिने फक्त दूध. पाणीसुद्धा नाही," सुखदा म्हणाली.

"अच्छा, मग सहा महिन्यांनी," विश्वनाथराव म्हणाले, आणि सुखदा त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढ्या लवकर बाबांनी आजवर काही मान्य केलं नव्हतं.

तो हिवाळा विश्वनाथरावांना फार लांब गेला. धुकं पडलं, पानं गळली, दोन शेंगा हिरव्याच्या तपकिरी झाल्या, मग काळपट. त्यातली एक शेंग जानेवारीच्या वाऱ्यात गळली आणि उंदरानं नेली. एक राहिली. इंदुमती म्हणायची, तोडून घ्या, वाळली आहे. ते म्हणायचे, "नको. तिनं तोडायची." रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते मागच्या दारात उभे राहायचे. शेंग दिसली की चहा प्यायचे.

नातीला सहा महिने झाले त्याच आठवड्यात सुखदा म्हणाली, "रविवारी येते. केतन टूरवर आहे. मी आणि रेवा मेट्रोनं येतो."

विश्वनाथरावांच्या तोंडात "मी घ्यायला येतो" आलं होतं. "टॅक्सी करून देतो" हेही आलं होतं. तान्ह्या पोरीला घेऊन, राजीव चौकला गाडी बदलून, रविवारच्या गर्दीत. त्यांनी दोन्ही गिळलं. "ये," म्हणाले.

रविवारी त्यांनी सहाण घासली. मग पुन्हा घासली. फोन स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवला आणि स्वतः पुढच्या खोलीत बसले. खुर्चीवरून उठले, बसले. सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. इंदुमतीनं त्यांना निवडायला मेथी दिली. मेथीची पानं कचऱ्यात आणि देठं ताटात पडत होती.

बेल वाजली. दारात सुखदा, छातीशी बांधलेल्या झोळीत रेवा, केस विस्कटलेले, कपाळावर घाम. आत येऊन ती पाणी न पिताच बापासमोर उभी राहिली.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय झालंय?"

"फोन नाही आला तुमचा. घरून निघताना नाही, राजीव चौकला नाही. मी यमुनेच्या पुलावर तीनदा फोन बघितला. मला वाटलं, तुम्हाला काही झालं की काय. सबंध रस्ता माझं लक्ष नव्हतं कशात." बोलताबोलता तिचे डोळे भरून आले, आणि तिचं तिलाच हसू आलं. "सवय लावून ठेवलीत यार बाबा."

विश्वनाथराव उठले आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेले.

जांभळाच्या सावलीत मोडकं, अर्धं, उघडं झुडूप उभं होतं. पाइपांचा सांगाडा अजून तसाच होता, जाळीशिवाय. सुखदानं आधी त्या सांगाड्याकडे बघितलं आणि मग बापाकडे. खाली वाकली, आणि तळाच्या फांदीवरची ती एकुलती शेंग तोडली. टोकाला उकललेल्या पिळातून बारीक काळ्या बिया तिच्या तळहातावर सांडल्या.

सहाणेवर सुखदानं एक वेढा दिला. एकच. बोटाच्या टोकावर घेऊन रेवाच्या जिभेला लावलं. रेवानं आजोबांकडे बघून एवढं वाईट तोंड केलं की इंदुमती पदर तोंडाला लावून हसली. मग पोरीनं जीभ फिरवली, आणि पुन्हा बोट मागितलं.

थैलीत सुखदाच्या आजीचं ते बुटुक होतं. त्याच्या शेजारी विश्वनाथरावांनी नवी शेंग ठेवली. बिया मात्र सुखदानं रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या.

"आमच्या टॉवरच्या खाली एक कोपरा आहे सावलीचा," ती म्हणाली. "तिथे टाकून बघते. नुसत्या."

संध्याकाळी ती निघाली. विश्वनाथराव फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. ती वळणावर दिसेनाशी झाली तसे ते घरात आले, डब्यांच्या मागून फोन काढला, आणि हातात धरून बसले. करायचा नाही, हे ठरलेलं होतं. दिवेलागण झाली तेव्हा फोन वाजला.

"बाबा, राजीव चौक," सुखदा म्हणाली. "सीट मिळाली."